चौकोनी भोकांची गोल बुंदी

सन एकोणीसशे एकाहत्तर. मी चोवीस वर्षांचा होतो, आणि बुंदी गोल होते ती माझ्या हातामुळं, असं मला वाटत होतं.

शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो. चौथीच्या गुरुजींनी कान धरला, मी त्यांचा हात झटकला, आणि शाळा संपली. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आज ऐंशीला टेकलो तरी वाटत नाही. माझी शाळा काकांच्या चुलवणापाशी झाली. आमचा भाग पाथर्डीकडचा, कोरडा. बाप सहा महिने ऊसतोडीला जायचा. मी चुलत्यांच्या हाताखाली वाढलो. त्यांना मी काका म्हणायचो. काका आचारी. लग्न असो, सप्ताह असो, दहाव्याचं जेवण असो, पंधरा गावांतनं त्यांना बोलावणं यायचं. आणि बोलावणं यायचं ते बुंदीसाठी. आमटी-भात कुणीही करतं. बुंदी काकांनीच काढायची.

बुंदी कशी काढतात हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डाळीचं पीठ पातळ कालवायचं. कढईत तेल कडकडीत तापवायचं. तेलाच्या वर वीतभर अंतरावर झारा धरायचा, म्हणजे भोकं पाडलेला लांब दांड्याचा पत्रा. त्याच्यावर पीठ ओतलं की भोकाभोकांतनं थेंब तेलात पडतात आणि फुलून वर येतात. झालं. पण 'झालं' म्हणायला काय जातंय! काकांनी मला वर्षभर नुसतं पाण्याच्या परातीवर झारा फिरवायला लावला. "मनगट, मनगट," म्हणायचे. "हात गोल फिरला तर थेंब गोल पडतो. हात डगमगला की बुंदीला शेपूट आलंच म्हणून समज." मी रिकाम्या हातानं रस्त्यानं चालताना सुद्धा मनगट फिरवायचो. बायका हसायच्या. हसू देत. माझा हात तयार होत होता.

पण त्याच काळात काकांचा हात कापायला लागला. उजवा. आधी बोटं, मग पंजा. एकदा सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी काढलेली सगळी बुंदी शेपटीची निघाली. पंगतीत एक जण पत्रावळीकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "आचारी, बुंदी हाय का बेडकाची पिल्लं?" सगळी पंगत हसली. काकांनी झारा खाली ठेवला तो ठेवलाच. वय पंचावन्न. त्यानंतर ते चुलवणाजवळ बाजेवर बसून मला सांगायचे, असं कर, तसं कर. पण झाऱ्याला शिवायचे नाहीत. उजवा हात मांडीखाली दाबून बसायचे, कुणाला दिसू नये म्हणून. चहा डाव्या हातानं. घरी तर बोलणंच सुटलं होतं. काकी मला म्हणायची, "हात गेला त्येचं काय न्हाई रे. पर ह्यो मानूस घरात असून नसल्यागत झालाय. दोन वर्सं झाली, मला कशाला नावं ठिवून बी बोलंना." काकीच्या हातच्या जेवणाला नावं ठेवणं हा काकांचा रोजचा नेम होता, त्यामुळं ती काय म्हणते ते मला कळायचं. आम्ही दोघांनी काय काय केलं. नगरच्या डॉक्टरला दाखवलं, तेल चोळलं, नवस बोललो. कंप गेला नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं. नवरदेव राहुरीकडचा. तिकडं पाटाचं पाणी, ऊस, त्यामुळं माणसं जरा ताठ. त्यांनी बोलणी करताना एकच सांगितलं होतं: लाडू बुंदीचेच पाहिजेत. मुलीचा बाप माझ्याकडं आला आणि म्हणाला, "पोरा, बुंदी बिघडली तर माझी पोरगी जन्मभर ऐकंल तिकडं. तुझ्यावं सोपवतोय." मी म्हणालो, "काळजीच सोडा."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी चुलवण पेटवायच्या आत झाऱ्याचा दांडा निखळला. मी तो दगडावर ठोकून बसवायला गेलो आणि पत्राच तडकला, पार मधोमध. काका बाजेवरनं बघत होते. म्हणाले, "ठोक अजून. दोन झारं हुतील." मी झारा उचलला आणि लोहाराकडं पळालो.

आमच्या लोहाराचं मुख्य काम बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचं. त्यानं जाड पत्र्याचा तुकडा शोधला, गोल कातरला, दांडा जोडला. भोकं पाडायला बसला, तर त्याचा भोकं पाडायचा गोल पोगर तुटलेला. तालुक्याला जायचं म्हणजे दिवस गेला. तो म्हणाला, "जरा इडी पिऊन ये, मी करतो कायतरी." मी परत आलो तेव्हा झारा तयार होता. उन्हाला धरून बघितला आणि माझं डोकंच फिरलं. बैलाच्या पत्रीचे खिळे असतात ना, चार कडांचे? त्या खिळ्यानं त्यानं सगळी भोकं पाडली होती. चौकोनी! एक गोल असेल तर शपथ.

"आरं, ह्ये काय केलंस?"

"भोकाला भोक हाय की. पीठ काय मोजून बघतंय व्हय?"

"बुंदी चौकोनी निघंल!"

"मग सोंगट्या म्हनून वाढ."

त्याला दोन शिव्या दिल्या. पण दुसरा झारा आणायचा कुठनं? तसाच घेऊन आलो. मांडवात ही बातमी माझ्या आधी पोचली होती. नवरीची मावशी हसत म्हणाली, "चौकोनी बुंदी खाऊन नवरदेव चौकोनी व्हायचा गं बाई, अंतरपाटामागं मावायचा न्हाई!" मुलीचा बाप हसला नाही. तो नुसता माझ्या तोंडाकडं बघत राहिला. त्याचं ते बघणं मला अजून आठवतं.

दुपारपर्यंत वऱ्हाडातली काही वडीलधारी मंडळी येऊन थडकली होती. त्यात नवरदेवाचा मामा होता, राहुरीकडं हायस्कुलात शिकवणारा मास्तर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्यालाही कुणीतरी सांगितलं होतं. तो येऊन चुलवणाजवळ पाटावर बसला. मला वाटलं, आला मजा बघायला. मी त्याच्याकडं बघितलंच नाही.

तेल तापलं. काकीनं पीठ कालवून दिलं. मी झारा धरला आणि मनगट असं फिरवलं, की आयुष्यात तसं फिरवलं नव्हतं. चौकोनी भोकाला हरवायचं होतं मला. पीठ ओतलं. थेंब सुटले, तेलात बुडाले, वर आले. फेस जरा बसला. सगळी वाकून बघायला लागली.

गोल.

मी तारेच्या जाळीनं ती बाहेर काढली, परातीत टाकली. बोटं भाजत होती तरी चिमटभर तळहातावर घेतली आणि एकेक फिरवून बघितली. कोपरा शोधत होतो मी. कोपरा नव्हता. वाटाण्यासारखी गोल गोल बुंदी, परात हलवली की घरंगळत होती. मावशीनं तोंडात टाकली आणि म्हणाली, "अगं बाई, कोपरं गेलं कुठं?" मुलीच्या बापानं डोक्याची टोपी काढून घाम पुसला.

काका बाजेवरनं उठून उभे राहिले होते. "बघितलं?" ते मोठ्यानं म्हणाले. "भोक कसलं बी असू द्या, हात गोल करतो! आमच्या घरातला हात हाय त्यो!" आणि एवढं म्हणताना त्यांचा उजवा हात मांडीखालनं बाहेर आला होता, कापत. ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तो परत लपवला आणि खाली बसले. म्हणाले, "माझा व्हता तसा." मग तोंड फिरवलं.

तेव्हा तो मास्तर बोलला. हळू बोलायचा, शिकवल्यासारखा. "काका, राग मानू नका. पण थेंब गोल होतो तो हातानं नाही."

काका वळले. "मास्तर, तुमी किती घाने काढल्यात?"

"एकही नाही."

"मग आमी तुमाला अ-आ-ई शिकवाया येतो का शाळंत?"

लोक हसले, मी पण हसलो. मला बरं वाटलं. मुलीचा बाप काकांना घेऊन मांडवाकडं गेला, आलेल्या पाहुण्यांना हा चमत्कार सांगायला. काका बऱ्याच दिवसांनी चार माणसांत चालले होते. मी घाणे काढत राहिलो. मास्तर तिथंच बसून होता.

मीच विचारलं, जरा तोऱ्यात. "हातानं न्हाई तर मग कशानं?"

तो म्हणाला, "थेंबाच्या पोटातल्या कणाला चहूबाजूंनी सोबती असतात. सगळे त्याला आपापल्याकडं ओढतात, म्हणून तो निवांत असतो. पण कडेवरच्या कणाला बाहेरच्या अंगाला कुणीच नसतं. त्याची सगळी ओढ आतली. म्हणून कुठल्याही थेंबाला कड नकोशी असते. जितकी कमी ठेवता येईल तितकी तो ठेवतो."

"मंग चौकोनाला काय झालं? त्याला बी कडच की."

"तुम्ही पुरणपोळी करता ना? मुठीएवढं पुरण आहे, आणि कणीक अगदी थोडी उरली आहे. त्या कणकेत ते पुरण सगळं झाकायचं आहे. गोळा कसला कराल? लांबट? चौकोनी?"

"गोल," मी म्हणालो, आणि म्हटल्यावर कळलं की त्यानं मला पकडलं. खरंच आहे ते. लांबट केला तर कणीक पुरत नाही. कोपरे काढले तर कोपऱ्याकोपऱ्याला कणीक लागते. सगळ्यात थोड्या कणकेत सगळ्यात जास्त पुरण गोल गोळ्यातच बसतं. हे मला पंधरा वर्षं हातानं माहीत होतं. तोंडानं कधी म्हटलं नव्हतं.

पण मी सोडणारा नव्हतो. "कनकेला गोल मी करतो, मास्तर. थेंबाला कोन करतं?"

"तेच तर," तो म्हणाला. "कुणीच नाही. भोकातनं निघताना तो चौकोनी असेल, वाकडा असेल. पण एकदा सुटला आणि त्याला कुणी धरलं नाही, की तो आपला आपण गोळा होतो. वीतभर वाट त्याला पुरते."

मी हात थांबवला नाही, पण पुढच्या घाण्याला मनगट फिरवलं नाही. मुद्दाम. झारा नुसता धरून ठेवला. गोल. मग डाव्या हातानं धरला. गोल. वर्षभर पाण्यावर फिरवलेला झारा, रस्त्यानं फिरवलेलं मनगट. मी म्हणालो, "डावा बी माझाच हात हाय." हट्ट, दुसरं काय.

मास्तर उठला. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घातलं, बाह्या सारल्या. "मी धरू?"

मी झारा दिला. मनात म्हटलं, धर, बघू या. त्या माणसानं कधी कढईजवळ पाय ठेवला नव्हता. वाफ तोंडावर आली तसा तो मागं झुकला. तेलाची भीती त्याला एवढी, की त्याचा हात लटलट कापायला लागला. झारा थरथरत होता, दांडा कढईच्या काठावर टकटक वाजत होता. मी वरनं पीठ ओतलं. थेंब इकडं तिकडं, कसेही, घाबरल्यासारखे पडले.

आणि वर आले ते गोल. माझ्याइतके गोल. सरळ सांगायचं तर, झारा कापत असल्यामुळं थेंब एकमेकांपासून सुटे पडले होते आणि माझ्यापेक्षा बरे दिसत होते.

मी कढईकडं बघत राहिलो. त्या वेळी मला कसं वाटलं ते लिहिता येणं अवघड आहे. आधी राग आला. मग राग राहिला नाही. शेकड्यानं थेंब, त्यातल्या एकेकाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि चुकत एकही नव्हता. वाकड्या भोकातनं, भित्र्या हातातनं, कडकडीत तेलात पडतानासुद्धा तेवढ्या वीतभर वाटेत तो आपलं सगळं आवरून घेत होता. आम्ही पिढ्यान् पिढ्या त्याच्यावर आपलं नाव घालून बसलो होतो.

"मास्तर," मी विचारलं, "मंग बुंदीला शेपूट का येतं?"

"पीठ घट्ट असलं तर. घट्ट पिठाला गोळा व्हायला वेळ लागतो. त्याच्या आधीच तेल त्याला पकडतं. मग निघाला तसा राहतो, शेपटीसकट."

ते ऐकलं आणि मला तो सप्ताहाचा दिवस आठवला. त्या दिवशी एक पुढारी येणार होता म्हणून पंगत थांबवून ठेवली होती. पीठ कालवून तयार, उन्हात, दोन अडीच तास. डाळीचं पीठ ठेवलं की दाटतं, हे कुणाही आचाऱ्याला माहीत आहे. पुढारी आला, बोलला, आणि मग सगळी घाई. काकांनी दाटलेल्या पिठात पाणी न घालताच झारा चालवला, कारण त्यांचं सगळं लक्ष आपल्या कापणाऱ्या हाताकडं होतं. पीठ बघायचं राहिलं! दोन वर्षं तो माणूस मांडीखाली हात दाबून बसला, तो पिठाच्या दोषापायी.

मी मास्तरचे आभारसुद्धा मानले नाहीत. तेवढं तोंड मला तेव्हा नव्हतं. त्यानं बाह्या खाली केल्या आणि घड्याळ बांधत तो जानवसघराकडं गेला.

दिवस कलता लाडू वळून झाले. वाढपी जेवायला बसले, मी पण बसलो. आमटीवर तेलाची तर्री आली होती. ती मी जन्मभर बघत आलो होतो. पण त्या दिवशी भाकरी कुस्करायची राहिली. तेलाची गोल गोल चकदळं, लहान, मोठी. एक दुसऱ्याला नुसतं टेकलं की दोघांचं एकच व्हायचं आणि ते पुन्हा गोल. मी बोटानं एक तोडलं. दोन झाली, दोन्ही गोल. शेजारचा म्हणाला, "आमटीत माशी पडली का काय?" मी म्हणालो, "न्हाई. जेव तू."

मग गावाबाहेरच्या पडीक रानात धनगराची मेंढरं बसली होती तिकडं गेलो. मला एक गोष्ट ताडून बघायची होती. दोन-तीन वर्षांमागं वळवाच्या गारा पडल्या तेव्हा मी ह्याच रानात सापडलो होतो. मेंढरं पांगलेली होती, लांबच लांब. गारा लागायला लागल्या तसं प्रत्येक मेंढरू आत घुसायला लागलं. कुणालाच कडेला राहायचं नव्हतं. बघता बघता सगळा कळप गोल झाला होता, कुणी दोरी धरून आखल्यासारखा. धनगर तर लांब बाभळीखाली होता. कळपाला गोल व्हायचं नव्हतं. एकेकाला फक्त कड नको होती, आणि त्यातनं गोल झालं.

धनगराला मी विचारलं, "गारा पडल्यावर तू हाकतो का रं मेंढरं गोल?"

"मी कशाला हाकू? माजं मलाच सुदरत न्हाई तवा."

मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. एक ओढ. थेंबात तीच, तर्रीत तीच, आणि मला वाटलं मेंढरातही तिच्याच जातीची कसली तरी. देवळात कधी माझी मान आपोआप खाली गेली नाही, जायची तर बापाच्या धाकानं. त्या दिवशी गेली.

पण घराकडं परत येताना एक गोष्ट बोचत होती. काकांना हे सांगायचं तर आधी काय सांगावं लागणार, ते दिसत होतं. तुमचा हात गेला म्हणून बुंदी गेली नाही, हे खरं. पण मग तुमच्या हातानं ती होतही नव्हती. आणि माझ्याही नाही. आज दुपारी पाचपन्नास माणसांसमोर त्यांनी ज्या हाताची फुशारकी मारली, ज्या हातावर मी उद्यापासून पंधरा गावांचा आचारी म्हणून मिरवणार होतो, तो हात ह्यात कुठंच नव्हता. ते माझ्या तोंडातनं निघेना. घरी आलो तर काका मांडवातनं परत येऊन पुन्हा गप्प झाले होते. काकी ताट घेऊन उभी, आणि ते भिंतीकडं बघत डाव्या हातानं जेवत होते. मी तसाच झोपलो.

दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या सकाळी, राहुरीकडनं ठरल्यापेक्षा एक ट्रक जास्तीचा भरून आला. मुलीचा बाप धावत आला, "लाडू पुरायचं न्हाईत, अजून चार घाने काढ." मी चुलवण पेटवलं. पीठ मी स्वतः कालवलं, पातळ, पळीवरनं धार बघून. काका येऊन बाजेवर बसले, हात मांडीखाली. चुलवणाभोवती बघे होतेच. मास्तर पण होता.

तेल तापल्यावर मी काकांसमोर जाऊन उभा राहिलो.

"काका, उठा. घाना तुमी काढायचा."

"टकुरं फिरलं का तुजं? लोकांत हसं करतो का माझं?"

"सप्त्याच्या दिवशी पीठ दाटलं हुतं. हाताचं काय न्हाई त्यात."

"मला शिकवतो? हातानंच व्हतीया बुंदी. काल तुज्या हातानं झाली ती?"

सगळे ऐकत होते. मी जेवढ्या मोठ्यानं बोलता येईल तेवढ्या मोठ्यानं बोललो, म्हणजे पुन्हा बोलायला लागू नये.

"माझ्या बी हातानं न्हाई झाली. तिची ती झाली."

मी वाकून काकांच्या मांडीखालचा हात ओढून काढला, चौकोनी भोकांचा झारा त्यात दिला, आणि त्यांना दंडाला धरून कढईपाशी उभं केलं. हात कापत होता. मग पिठाचं भगुलं काकीकडं दिलं, दोन पावलं मागं सरलो, आणि माझे दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राहिलो.